उन्हाळी शिक्षणवर्गात सहायक शिक्षक व्हायचंय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वार्षिक परीक्षा संपत आल्या की माझ्या फोनवर एकाच तऱ्हेचे निरोप यायला लागतात. "ताई, उन्हाळी वर्गाला सहायक हवेत म्हणे, मला जमेल का?" विचारणाऱ्यांत बारावीची परीक्षा दिलेली मुलं असतात, डी.एल.एड. (प्राथमिक शिक्षकांची पदविका) करणाऱ्या मुली असतात, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा घराबाहेर पडू बघणाऱ्या गृहिणी असतात. एकदा बँकेतून निवृत्त झालेल्या काकांनीही विचारलं होतं आणि ते फार छान सहायक झाले. मी आठ उन्हाळे मुंबईतल्या वस्त्यांमधल्या समाजमंदिरांत आणि सोसायट्यांच्या हॉलमध्ये हेच काम केलं. आता नव्या सहायकांची तयारी करून घेते. पहिली ते पाचवीच्या मुलांच्या वर्गांबद्दल लोक जे पुन्हा पुन्हा विचारतात ते इथे एकत्र केलं आहे.

१. मुख्य शिक्षिका असतातच ना, मग सहायकाने नेमकं करायचं काय?

मुख्य ताई वर्गाकडे बघतात, तुम्ही मुलाकडे बघायचं. कामाचा गाभा एवढाच आहे. तीस मुलांसमोर उभं राहून गोष्ट सांगणाऱ्या बाईंना तिसऱ्या रांगेतली मुलगी नुसतेच ओठ हलवतेय हे दिसत नाही. तिच्या शेजारी मांडी घालून बसलेल्या तुम्हाला ते दिसतं. हजेरी घेणं, पाट्या-खडू वाटणं, सतरंज्या घालणं, पाण्याच्या बाटल्या भरून ठेवणं, लहानग्यांना बाथरूमला नेणं ही कामं असतातच आणि ती कमी दर्जाची मानू नका. पण दिवसभर फक्त तीच करत राहिलात तर तुमचा खरा उपयोग झाला नाही. रोज किमान तीन मुलांजवळ पाच-पाच मिनिटं बसायचं आणि काय दिसलं ते वहीत एका ओळीत लिहायचं, हा नियम मी प्रत्येक नव्या सहायकाला घालून देते.

२. वर्ग कधी असतात? दिवसाचे किती तास द्यावे लागतात?

मुंबईत राज्य मंडळाच्या शाळा जूनच्या मध्यावर पुन्हा भरतात. त्यामुळे बहुतेक वर्ग एप्रिलअखेरीस सुरू होऊन मेअखेरीस किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात संपतात. वेळ सकाळची, अडीच-तीन तासांची. तुम्ही मात्र चार तास धरून चला. अर्धा तास आधी येऊन जागा झाडून-लावून घ्यावी लागते आणि मुलं गेल्यावर मुख्य ताईंसोबत उद्याचं बोलावं लागतं. हे शेवटचं बोलणं टाळून ट्रेन पकडायला पळणारे सहायक दुसऱ्या दिवशी चाचपडतात.

३. माझ्याकडे डी.एल.एड. नाही, नुकती बारावीची परीक्षा दिलीय, वय सतरा. चालेल का?

सहायकासाठी पदविकेची अट सहसा नसते. मुलांशी बोलायची आवड, वेळेवर येणं आणि स्वच्छ मराठी वाचता-लिहिता येणं एवढं पुरतं. अठराच्या आत असाल तर आईवडिलांची लेखी संमती द्या. आणि वर्गाची एकट्याने जबाबदारी कधीही घेऊ नका, कुणी कितीही विश्वासाने सोपवली तरी (प्रश्न १९ पाहा). अठरा पूर्ण असतील तर अनेक संस्था पोलिसांकडचा चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. त्याचा राग मानू नका. जी संस्था असं काहीच विचारत नाही तिच्याबद्दल उलट दोनदा विचार करा.

४. मानधन मिळतं का? किती मागावं?

कुठे फक्त येण्याजाण्याचा खर्च, कुठे दिवसावर, कुठे पूर्ण वर्गाचं ठरावीक मानधन, असं सगळं आहे. आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे जे ठरलंय ते लेखी घ्या. साधा मेसेजही चालतो: किती दिवस, किती तास, किती रुपये, कधी मिळणार, सुट्टी घेतली तर काय. मी तिसऱ्या उन्हाळ्यात एका ठिकाणी तोंडी बोलण्यावर पाच आठवडे काम केलं. शेवटी "तुम्ही तर सेवाभावाने आला होतात ना?" असं ऐकून रिकाम्या हाताने परतले. पैशाइतकंच वाईट याचं वाटलं की त्या भांडणात शेवटच्या दिवशी मुलांचा नीट निरोपही घेता आला नाही. सेवा करायची असेल तर सेवा म्हणून करा आणि काम असेल तर काम म्हणून. दोन्ही चांगलंच आहे, फक्त पहिल्या दिवशी स्पष्ट असू द्या.

५. इथला अनुभव शिक्षक भरतीत धरतात का?

नाही. शिक्षक व्हायचं तर पहिली ते पाचवीसाठी डी.एल.एड., सहावी ते आठवीसाठी डी.एल.एड. किंवा बी.एड. आणि दोन्हीकडे टीईटी (शिक्षक पात्रता परीक्षा) लागतेच, उन्हाळी वर्गाचं प्रमाणपत्र त्याची जागा घेत नाही. खासगी शाळा आणि बालवाड्या मुलाखतीत मात्र हे विचारतात. तेव्हा प्रमाणपत्रापेक्षा तुमची ती एका-एका ओळीची वही जास्त बोलते.

६. पहिल्या दिवशी काय करू? मला फार भीती वाटतेय.

नावं पाठ करा. बाकी काही जमलं नाही तरी चालेल. घरी काय म्हणतात तेही विचारा. हजेरीपटावर लांबलचक नाव असलेला मुलगा "बाबू" म्हटल्याशिवाय मान वर करत नाही. जमिनीवर बसा, खुर्चीवर नको. मुलं तुम्हाला ताई, दादा, टीचर, दीदी काहीही म्हणतील, त्यांच्या जिभेवर जे येईल ते राहू द्या.

७. पाचवीत गेलेल्या मुलाला साधं वाक्य वाचता येत नाही. अशा मुलाचं मी काय करू?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो आणि सहायकाचं सगळ्यांत मोलाचं काम इथेच आहे.

आधी त्याला नेमकं कुठपर्यंत येतं ते शांतपणे बघा. त्याची इयत्ता विसरा. नव्वदच्या दशकात मुंबईच्या वस्त्यांमधून काम सुरू केलेल्या 'प्रथम' संस्थेने रुजवलेली साधी पद्धत वापरा. मुळाक्षरं, सोपे शब्द, चार ओळींचा परिच्छेद आणि मग छोटी गोष्ट, या पायऱ्यांनी मुलाला वाचायला द्यायचं. २००५ पासून देशभर होणाऱ्या 'असर' पाहणीतही मुलांचं वाचन असंच बघतात. कोणत्या पायरीवर तो सहज उभा आहे ते कळलं की त्या पायरीवरच्या मुलांचा गट करायचा, मग त्यात तिसरीचा आणि पाचवीचा एकत्र आले तरी चालतील. फक्त पाचवीच्या मुलाला "तू लहान मुलांत बस" असं चारचौघांत म्हणू नका. त्याला पाट्या वाटायचं काम द्या आणि त्या निमित्ताने त्या गटात बसवा.

एक प्रसंग सांगते. चौथीतला एक मुलगा चित्रांच्या पुस्तकातली गोष्ट धडाधड वाचायचा. मी खूश. एक दिवस सहज माझा तळहात चित्रावर पडला आणि त्याचा आवाज थांबला. मी हात काढला, तो पुन्हा सुरू. गोष्ट त्याला पाठ होती, चित्र बघून तो पान ओळखत होता. त्याला 'दार' आणि 'दर' यांतला फरक दिसत नव्हता, काना त्याच्या लेखी नुसती एक काठी होती. पुढचे दहा दिवस आम्ही फक्त कान्याचा खेळ खेळलो: मी जमिनीवर खडूने 'मळ' लिहायची, तो आइस्क्रीमची काडी ठेवून त्याचा 'माळ' करायचा. 'वर'चा 'वार', 'कन'चा 'कान'. अकराव्या दिवशी त्याने बाहेर किराणा दुकानाच्या पाटीवरचं 'माल' आपण होऊन वाचलं आणि माझ्याकडे वळून बघितलं.

तेव्हा "वाचता येत नाही" असं वहीत कधीही लिहू नका. काय येतं आणि कुठे अडतं ते लिहा.

८. पंचवीस लिहायला सांगितलं की ५२ लिहितात. हे लक्ष न दिल्यामुळे होतं का?

नाही हो, उलट मूल अगदी लक्ष देऊन ऐकतंय म्हणून होतं. आपण म्हणतो 'पंच-वीस'. आधी पाच ऐकू येतात, मग वीस. ऐकलं त्या क्रमाने लिहिलं की ५२ होतात. त्याहून अवघड एकोणतीस, एकोणचाळीस. एकोणचाळीसमध्ये चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे असतात ३९. 'एकोण' म्हणजे एक कमी, हे मुलाला कुणी सांगितलेलंच नसतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा वाद झाला होता. त्या वादात कुणाची बाजू घ्यायची ते तुम्ही ठरवा. मुलाची अडचण मात्र खरी आहे, एवढं मी वर्गात बसून सांगू शकते.

उपाय हाताने करायचा. झाडूच्या किंवा आइस्क्रीमच्या काड्या आणा, दहा-दहाचे गठ्ठे रबराने बांधा. पंचवीस म्हटलं की मुलाने दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या मांडायच्या, गठ्ठे डावीकडे, सुट्या उजवीकडे, आणि मग त्यांच्याखाली अंक लिहायचे. एकोणचाळीससाठी चार गठ्ठे मांडा, एक गठ्ठा सोडा आणि त्यातली एक काडी उचलून मुलाच्या मुठीत द्या. "आता किती?" ती एक काडी मुठीत असताना 'एकोण'चा अर्थ जसा कळतो तसा फळ्यावर कळत नाही. पाढे पाठ करून घ्यायची घाई मुख्य ताईंनी केली तरी तुमच्या कोपऱ्यात गठ्ठे चालू ठेवा.

९. वर्गातल्या निम्म्या मुलांची घरची भाषा मराठी नाही. मी हिंदीत बोलू का?

बोला. मूल ज्या भाषेत रडतं त्या भाषेत त्याला समजवा, मग हळूहळू मराठीकडे आणा. मुंबई महापालिकेच्या शाळाच आठ माध्यमांतून चालतात, तेव्हा एका हॉलमध्ये तीन-चार भाषा असणं इथे रोजचंच आहे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हटलं आहे.

मराठी शिकवताना दोन जागी थांबा. एक 'ळ', तो हिंदी बोलणाऱ्या मुलांच्या तोंडी 'ल' होतो. हसू नका, 'काळा-बाळा-शाळा' असं गाणं करून घ्या. दुसरी 'च'. 'चहा'तला च वेगळा आणि 'चमचा'तला वेगळा, पण अक्षर एकच. आपल्या कानाला ते जाणवतही नाही, नव्याने शिकणाऱ्या मुलाचा मात्र गोंधळ उडतो. त्याने चूक केली तर शब्द दुरुस्त करून तुम्ही एकदा बोला आणि पुढे जा.

१०. संस्थेकडे साहित्यासाठी पैसेच नाहीत. काय वापरू?

ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या. परदेशी महागडी साधनं परवडणार नाहीत म्हणून त्यांनी आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तू मुलांच्या हातात दिल्या. मे महिन्यातली मुंबई यात मुळीच गरीब नाही. आंब्याच्या वाळवलेल्या कोयी, चिंचोके, गुलमोहराच्या शेंगा, बाटल्यांची झाकणं मोजायला घ्या. जुन्या कॅलेंडरची पानं संख्यांच्या तक्त्याला, त्यांच्या मागचा मजकूर वाचायला. बेस्टच्या पाटीवरचे देवनागरी आकडे हा तर चालताबोलता धडा आहे: "आज येताना कोणती बस दिसली?" विचारा आणि आकडा पाटीवर लिहायला सांगा. चिंचोके लहानग्यांच्या नाका-तोंडात जाऊ शकतात, पहिलीच्या खालच्या मुलांना मोठी झाकणंच द्या.

११. निम्मी मुलं मध्येच गावाला जातात. मग शिकवलेलं सगळं वाया जात नाही का?

मुंबईचा मे महिना असाच असतो. कोकण रेल्वेची तिकिटं मिळाली की रत्नागिरीची मुलं एका रात्रीत गायब होतात, उत्तरेकडची त्याहून लांब जातात. वाईट वाटतं हे खरं, पण आजी-आजोबांकडे जाणं हेही शिकणंच आहे, त्यात अडथळा आणू नका. दोन गोष्टी करा. प्रत्येक दिवसाचा खेळ त्या दिवशीच पूर्ण होईल असा आखा, म्हणजे सोमवारी आलेलं नवं मूल गोंधळत नाही. आणि जाणाऱ्या मुलाच्या हातात एक छोटी वही द्या: गावाला पाहिलेल्या झाडाचं, बोटीचं, म्हशीचं रोज एक चित्र आणि खाली एक शब्द. सगळी वह्या आणत नाहीत. ज्या येतात त्या बघण्यासारख्या असतात. एका मुलीने आजीच्या हातच्या फणसाच्या साटांचं, म्हणजे वाळवलेल्या रसाच्या पोळ्यांचं, चित्र काढून खाली 'साट' लिहिलं होतं, आणि तो शब्द मी शिकवला नव्हता.

१२. वर्ग फार गोंगाट करतो. पालकच म्हणतात, "टीचर, बिनधास्त मारा त्याला." मारलं तर चालतं का?

नाही, कधीच नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे, आणि "आपली तर शाळा नाही, शिबिर आहे" ही पळवाट काढू नका. कान पिळणं, अंगठे धरायला लावणं, "ढ" म्हणणं, सगळं त्यातच आलं. पालकांना हात जोडून सांगा, "इथे नको, दोन आठवडे माझ्या पद्धतीने बघू." गोंगाट बहुतेक वेळा तीन कारणांनी होतो: काम फार सोपं, काम फार अवघड किंवा मूल उपाशी. तिसरं कारण आधी तपासा. सकाळी फक्त चहा पिऊन आलेलं मूल दहा वाजता चिडचिड करणारच. पिशवीत एक बिस्किटपुडा असू द्या, पण मुलाला काही खाल्लेलं बाधतं का ते पालकांना आधी विचारून ठेवा.

१३. पत्र्याच्या छपराखाली वर्ग भरतो. उकाड्यात मुलं आजारी पडली तर?

पाणी मागायची वाट बघू नका, दर अर्ध्या तासाने सगळ्यांना दोन घोट प्यायला लावा. धावपळीचे खेळ सकाळी लवकर, बैठे काम नंतर. चक्कर, डोकेदुखी, मळमळ वाटणाऱ्या मुलाला वाऱ्याशी आडवं करा, ओल्या फडक्याने अंग पुसा. मूल शुद्धीत असेल तर घोट-घोट पाणी किंवा ओआरएस द्या. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाच्या चमच्याने मोजून. अंग तापलंय आणि मूल असंबद्ध बोलतंय किंवा प्रतिसाद देत नाही, तर तोंडात काही घालू नका आणि लगेच १०८ ला फोन करा.

घोळणा फुटला तर डोकं मागे करायचं नाही. बसवून थोडं पुढे वाकवा आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरा. फिट आली तर कुशीवर वळवा. चप्पल आणि कांदा हुंगवू नका, दातांत चमचा घालू नका. पालकांनी लिहून दिल्याशिवाय कोणतंही औषध, साधी तापाची गोळीसुद्धा, द्यायची नाही.

१४. लहान मुलाची चड्डी ओली झाली किंवा मुलीला वर्गातच पहिल्यांदा पाळी आली तर?

तुमच्या पिशवीत दोन जुन्या चड्ड्या, एक टॉवेल आणि चार सॅनिटरी पॅड कायम असू द्या. ओलं झालेलं मूल आधी तुमच्याकडे बघतं, मग जमिनीकडे. त्या एका क्षणात तुम्ही हातातली पाण्याची बाटली त्याच्याजवळ सांडा आणि मोठ्याने म्हणा, "अगं बाई, माझ्याकडून पाणी सांडलं, चल पुसू या." मी हे अनेकदा केलंय. बाकीच्या मुलांना काही कळत नाही. कपडे बदलायला नेताना दार पूर्ण बंद करू नका आणि दुसऱ्या मोठ्या माणसाला सांगून जा; मूल स्वतः बदलू शकत असेल तर तुम्ही बाहेर थांबा. मुलीची पाळी ताईंनीच सांभाळावी. दादा सहायक असेल तर त्याने न घाबरता, न कुजबुजता ताईंना बोलवावं. आणि त्या मुलीला आधी हे सांगा की तिला काहीही झालेलं नाही, कारण ती घाबरलेली असते ती रक्त बघून.

१५. मुलाला घ्यायला आठ-दहा वर्षांची बहीण येते. तिच्याबरोबर सोडू का?

पालकांनी पहिल्या दिवशी लिहून दिलं असेल आणि घर त्याच चाळीत-गल्लीत असेल तरच. मोठा रस्ता किंवा रेल्वेचा पूल ओलांडायचा असेल तर नाही, कितीही रोजचं असलं तरी. अनोळखी "काका" आले आणि मूल त्यांना ओळखतंय, तरीही आईला फोन लागल्याशिवाय सोडायचं नाही. अवघड जागा ही: आईवडील वेगळे राहतात आणि यादीत नाव नसलेला बाप दारात उभा आहे. त्याच्याशी आदराने बोला, बसायला सांगा, मुलासमोर वाद घालू नका आणि निर्णय मुख्य ताईंवर सोडा. सहायकाने तो आपल्या अंगावर घ्यायचा नाही.

१६. सहलीला कुठे न्यावं? माझं काम काय?

भायखळ्याची राणीची बाग मला सगळ्यांत सोयीची वाटते. आवारातच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं, आणि तिथली जुन्या मुंबईची छोटी मातीची माणसं बघताना मुलं हलत नाहीत. बुधवारी दोन्ही बंद असतं, हे विसरून गेटवर मुलांना घेऊन उभं राहिलेले वर्ग मी पाहिले आहेत. सकाळच्या गर्दीत सीएसएमटीकडे जाणारी लोकल टाळा, बस करा. लोकलने गेलातच तर पाच वर्षांखाली तिकीट नाही, पाच ते बारा अर्धं.

तुमचं काम एकच: तुमची पाच-सहा मुलं. चढण्यापूर्वी, उतरल्यावर, बाथरूमनंतर, दर वेळी मोजा, आणि डोकी नको, नावं मोजा. डोकी सहा असूनही त्यांतलं एक दुसऱ्याच वर्गाचं निघालेलं माझ्या बाबतीत घडलंय. दोन मिनिटांत आमचं मूल सापडलं, पण ती दोन मिनिटं मला अजून आठवतात.

१७. वर्गाचे फोटो स्टेटसला ठेवले तर चालतात का?

पालकांच्या लेखी संमतीशिवाय मुलांचे चेहरे कुठेही टाकायचे नाहीत. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही अठरा वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती मागतो. हातांचे, चित्रांचे, काड्यांच्या गठ्ठ्यांचे फोटो काढा.

१८. मुख्य ताई फळ्यावर चुकीचं लिहितात किंवा मुलांवर ओरडतात. मी बोलू का?

फळ्यावरची चूक असेल तर मुलांसमोर नाही; जवळ जाऊन हळूच चिठ्ठी द्या किंवा वर्ग संपल्यावर बोला. बहुतेक ताई आभारच मानतात. ओरडणं रोजचं झालं असेल तर आधी त्यांच्याशी, फरक पडला नाही तर संयोजकांशी बोला. हात उचलला तर मात्र वर्ग संपायची वाट बघायची नाही. मुलाच्या आणि त्यांच्या मध्ये जाऊन उभं राहा, मुलाला "चल, पाणी पिऊन येऊ" म्हणत बाहेर न्या, आणि त्याच दिवशी संयोजकांना लेखी कळवा. वयाने, मानाने त्या मोठ्या आहेत म्हणून गप्प बसू नका.

१९. मुख्य ताई अचानक आल्याच नाहीत तर?

दोन मोठी माणसं असल्याशिवाय वर्ग चालवायचा नाही. संयोजकांना फोन करा, तोवर एखाद्या आईला बसवून घ्या आणि दोन गोष्टी सांगा, चित्रं काढू द्या. नवं काही शिकवायला जाऊ नका. तुमचं वय अठराच्या आत असेल आणि कुणीच येत नसेल, तर पालकांना बोलवून मुलं घरी पाठवणं हेच बरोबर.

२०. मुलाने मला काहीतरी गंभीर सांगितलं आणि "कुणाला सांगू नका" म्हणालं. आता?

हे उत्तर वर्ग सुरू होण्याआधीच वाचून ठेवा.

मुलं मुख्य ताईंना सांगत नाहीत, शेजारी बसणाऱ्याला सांगतात. चित्र रंगवता रंगवता, खाली मान घालून. तुमचा चेहरा बदलू देऊ नका. "बरं झालं मला सांगितलंस, तुझी काही चूक नाही" एवढं म्हणा. गुप्त ठेवायचं वचन मात्र देऊ नका. म्हणा, "तुला मदत करणाऱ्या एकाच माणसाला मी सांगणार आहे." खोदून खोदून प्रश्न विचारू नका, पुन्हा पुन्हा वदवून घेऊ नका, ज्याच्याबद्दल सांगितलं त्या माणसाला जाब विचारायला जाऊ नका. मुलाचे शब्द जसेच्या तसे, तारीख-वेळेसह लिहून ठेवा.

लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, सहायकावरही. न कळवणं हा गुन्हा आहे. "संस्थेचं नाव खराब होईल", "आपण आपसांत मिटवू" असं कुणीही म्हटलं तरी तुमची जबाबदारी संपत नाही. घरातली मारहाण, उपासमार, कामाला जुंपणं यासाठी १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइन चोवीस तास चालू असते. तिथे फोन करण्यासाठी तुमच्याकडे पुरावा असण्याची गरज नाही, शंका पुरते. मुलाचं नाव शेजारणीला, मैत्रिणीला, सहायकांच्या ग्रुपवरही सांगायचं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी ते मूल आलं की काल काहीच झालं नाही असं दाखवू नका, आणि खास दयाही दाखवू नका. नेहमीसारखं शेजारी बसा. ते बघत असतं, सांगितल्यावर ताई लांब गेली का ते.

२१. माझीच मुलगी त्याच वर्गात आहे. अडचण येईल का?

येते. ती तुम्हाला सगळ्यांसमोर "आई" म्हणणार आणि बाकीच्या मुलांना ते बोचणार. शक्य असेल तर तिला दुसऱ्या सहायकाच्या गटात ठेवा आणि वर्गाच्या वेळेत तिच्या तक्रारी त्याच सहायकाकडे जाऊ द्या. घरी गेल्यावर मात्र पहिली दहा मिनिटं फक्त तिची.

२२. वर्ग संपल्यावरही पालक म्हणतात, "घरी येऊन शिकवा ना." आणि मुलं रोज फोन करतात. काय करावं?

शिकवणी घ्यायची असेल तर आधी संस्थेला सांगा. काही ठिकाणी ते चालत नाही. गुपचूप सुरू केलं तर पुढच्या वर्षी दार बंद होतं. घरी एकट्या मुलाला शिकवताना घरातलं कुणीतरी मोठं माणूस हजर असलंच पाहिजे.

फोनचं म्हणाल तर मुलाचा फोन पालकांच्या फोनवरूनच यावा आणि पालकांना तो माहीत असावा. वर्ग संपायच्या आठवडाभर आधीपासून मुलांना सांगायला लागा की अजून इतके दिवस आहेत, मग शाळा. शेवटच्या दिवशी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, त्यात त्याला आता जे वाचता येतं त्याच शब्दांत त्याच्याबद्दल एक खरी गोष्ट लिहा. कान्याच्या खेळातल्या त्या मुलाला मी तीनच शब्द लिहिले होते: 'माझा छान यार'. ते त्याने घरच्या कपाटावर चिकटवलंय, असं त्याची आई जूनमध्ये भाजी घेताना भेटली तेव्हा म्हणाली.